कुंपणावरची ही फुलवेल कोणती? दर पावसाळ्यात परत येणाऱ्या अनोळखी वेलीची ओळख आणि बंदोबस्त

तक्रार दरवर्षी साधारण एकाच साच्याची असते. जून-जुलैत कुंपणाशी किंवा कुंडीच्या कडेला एक कोवळा शेंडा वर येतो. कुणी लावलेला नसतो. बघता बघता तो जाळीवर पोचतो, गणपतीच्या सुमारास फुलं येतात आणि मग चर्चा सुरू होते. शेजारच्या काकू म्हणतात गारवेल, माळीकाका म्हणतात जंगली आहे, काढून टाकू, मोबाईल सकाळी एक नाव सांगतो आणि दुपारी दुसरंच. शेवटी वेल उपटली जाते. पुढच्या जूनला त्याच जागी शेंडा पुन्हा हजर.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत: ही वेल कोण, आणि ती परत का येते. पहिला सुटल्याशिवाय दुसरा सुटत नाही, कारण प्रत्येक वेलीची परत येण्याची युक्ती वेगळी असते. आणि पहिला अडतो तो बहुतेकदा एकाच ठिकाणी. आपण फुलाच्या रंगापासून सुरुवात करतो, आणि वेल ओळखायला रंगाइतका कच्चा पुरावा दुसरा नाही. फूल बघायचंच आहे, पण सगळ्यात शेवटी, आणि तेही उलटं करून. ते कसं, ते पुढे येईल.

वेल एकच आहे ना?

"पान तोंडलीचं वाटतं, पण फूल लाल चांदणीसारखं आहे." असं वर्णन ऐकलं की समजावं, दोन वेली एकमेकींवर चढल्यात. पावसाळ्यात सोसायटीच्या कुठल्याही जाळीवर हे दिसतं: खाली तोंडली, तिच्यावर गणेशवेल आणि मधूनच डोकावणारा आंबटवेलीचा शेंडा. फोटोत पान एकीचं येतं आणि फूल दुसरीचं. मग ॲपच काय, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकही गोंधळतील.

एक फूल धरा आणि त्याचा देठ बोटांनी चाचपत मागे जा, तो खोडाला जिथे जुळतो तिथपर्यंत. त्या सांध्यावर जे पान आहे, ते त्या फुलाचं पान. हे नजरेने करू नका. दाट गुंत्यात नजर हमखास दुसऱ्या वेलीवर उडी मारते. सांध्याच्या वर-खाली वीतभर फांदी कापून वर्तमानपत्रावर ठेवा. पुढची सगळी तपासणी त्या एका फांदीवर.

उलटंही होतं. वेल एकच, पण दोन-तीन वाटतात. मधुमालतीचं फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, मग गुलाबी होतं आणि नंतर लाल. एकाच घोसात तिन्ही रंग लटकत असतात. लसूणवेलीचं फूल गडद जांभळं उमलून फिकट होत होत पांढऱ्याकडे झुकतं. "आमच्याकडे तीन रंगांची कलमी वेल आहे" असं कुणी अभिमानाने सांगितलं तर त्यांचा हिरमोड करू नये, पण आपण मनात मधुमालती समजून घ्यावं.

चढते कशाने, हे बघा

मला कुणी वेलीचा फोटो पाठवला की माझा पहिला प्रश्न हाच असतो. चढण्याच्या तऱ्हा मोजक्या आहेत आणि प्रत्येक कुळाने आपापली तऱ्हा पक्की धरून ठेवली आहे. शिवाय यासाठी फूल यायची वाट बघावी लागत नाही.

काही वेलींचं खोडच आधाराला पिळे घालत वर जातं, तर काहींना ताणे असतात, म्हणजे ते स्प्रिंगसारखे वळलेले हिरवे दोरे. ताणे दिसले तर ते नेमके कुठून फुटलेत ते निरखा, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे.

ताणा पानाच्या देठाला अगदी लागून, बाजूने फुटला असेल तर ते काकडी-भोपळ्याचं कुळ. तोंडली, कारलं, कर्टोली, पडवळ, शिवलिंगी ही सगळी भावंडं इथली. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून ताणा निघाला असेल तर कृष्णकमळाचं कुळ. पानाच्या बरोबर समोर, खोडाच्या दुसऱ्या बाजूला ताणा असेल तर द्राक्षाचं कुळ. बागेत आपोआप येणारी तीन पर्णिकांची (म्हणजे एकाच देठावरच्या तीन छोट्या पानांची) आंबटवेल आणि चौकोनी खोडाची कांडवेल ही त्यातली नेहमीची मंडळी. यांची फुलं एवढी बारीक असतात की लोक त्यांना फुलं मानतच नाहीत.

ताणा फुलांच्या दांड्यावरच दिसला तर दोन शक्यता. फुलं पांढरी, चिमुकली आणि त्यांच्या खाली ताण्यांची जोडी असेल तर कपाळफोडी. थोडे दिवस थांबा, हिरवे कागदी फुगे लटकतील. फुगा फोडला की आत काळं बी आणि त्यावर बदामाच्या आकाराचा पांढरा ठिपका. गुलाबी फुलांचा तुरा असेल आणि त्या तुऱ्याचं टोकच ताणा झालेलं असेल तर ती मेक्सिकोहून आलेली आइसक्रीम वेल, जिच्याभोवती मधमाश्या दिवसभर घोंगावत असतात.

पानाचं टोक लांब होऊन गोल वळलं असेल आणि तेच आधाराला पकडत असेल, तर हात आवरा. ती कळलावी आहे, तिच्याबद्दल पुढे. संयुक्त पानात दोन पर्णिका आणि शेंड्याच्या पर्णिकेच्या जागी ताणा असेल तर संक्रांतवेल किंवा लसूणवेल. पान चुरगाळून हुंगलं की लसूणवेल स्वतःच नाव सांगते. संक्रांतवेल तिच्या नावाप्रमाणे जानेवारीच्या आसपास नारिंगी नळ्यांनी मढते. आणि ताणा कुठेच नाही, पण पानाचा देठच काठीला वेढा घालून बसलाय, पानं समोरासमोर आहेत, असं दिसलं तर ती रानजाई. घाटमाथ्यावरच्या घरांच्या कुंपणांवर पावसाळा सरल्यावर तिचे पांढरट घोस दिसतात.

खोडाने पिळे घालणाऱ्यांत गारवेलीचं कुळ, गोकर्ण-गुंज-खाजकुइली हे शेंगांचं कुळ, रुईचं कुळ, गुळवेल आणि करांदे येतात. करांद्यांमध्ये एक गंमत आहे. वेलीसमोर उभं राहून आपल्या बाजूचा पीळ बघा. कोनफळाचा पीळ डावीकडून उजवीकडे वर चढतो, कडू करांद्याचा उजवीकडून डावीकडे. पानं दोघांचीही बदामी, म्हणजे पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची, पण पीळ बदलत नाही. शिवाय कोनफळाचं खोड कंगोरेदार असतं, कडू करांद्याचं गोल. गारवेलीच्या कुळातल्या वेली बहुतेक कोनफळाच्या बाजूने वळतात.

पानं आणि चीक

पानं समोरासमोर की एकाआड एक, एवढं बघा आणि एक पान देठाजवळ तोडा. पांढरा चीक आला आणि पानं समोरासमोर असतील तर रुईचं किंवा कण्हेरीचं कुळ: उतरण, उपळसरी, अलमांडा. उतरणीची फळं जोडीने येतात, त्यांवर मऊ काटे असतात आणि फुटल्यावर आतून रुईसारखी म्हातारी उडते. पण गारवेलीच्या कुळातल्या पुष्कळ वेलींनाही चीक असतो, म्हणून नुसत्या चिकावर जाऊ नका. त्यांची पानं एकाआड एक असतात. चीक डोळ्यांना लागू देऊ नका, हात धुऊन टाका.

कर्ण्यासारखं फूल: सगळ्यात जास्त गोंधळ इथे

ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात अनोळखी म्हणून विचारल्या जाणाऱ्या वेलींत निम्म्याहून अधिक या गटातल्या असाव्यात, असा माझा अंदाज. कर्ण्यासारखं फूल, निळं, जांभळं, गुलाबी किंवा लाल. सगळ्यांना सरसकट गारवेल किंवा मॉर्निंग ग्लोरी म्हणून मोकळं होतात. ओळख म्हणून ते चुकीचं नाही, पण बंदोबस्तासाठी उपयोगाचं नाही. यातली एक बियांनी येते, दुसरी कांड्यांनी, आणि तिसरी चक्क रताळं असू शकते.

आता फूल तोडा आणि उलटं करा. पाकळ्यांच्या बुडाशी जी पाच हिरवी दलं असतात, ती बघा. ती लांब, शेपटीसारखी निमुळती आणि बुडाशी दाट केसाळ असतील, पान तीन भागांचं आणि लवदार असेल, तर ती आयपोमिया निल, म्हणजे काळादाणा (आयपोमिया हे या गटातल्या बऱ्याच वेलींच्या शास्त्रीय नावातलं पहिलं नाव). हिचं फूल पहाटे निळंशार असतं आणि ऊन चढलं की गुलाबी-जांभळं होत कोमेजतं. सकाळी सहाला काढलेल्या आणि अकराला काढलेल्या फोटोंना ॲप वेगवेगळी नावं देतं, ते यामुळेच. फळ गोल बोंडासारखं, आत साधारण सहा काळ्या बिया. बी जुलाबाचं औषध म्हणून वापरात होतं, तेव्हा मुलांना ते तोंडात घालू देऊ नका.

खालची दलं आखूड आणि गुळगुळीत, पान तळहातासारखं पाच बोटांत अगदी बुडापर्यंत चिरलेलं, फूल फिकट जांभळं आणि घसा गडद, असं असेल तर आयपोमिया कैरिका. रेल्वेच्या कुंपणांवर ती इतकी माजते की इंग्रजीत तिचं नावच रेल्वे क्रीपर पडलंय. पानाच्या देठाच्या बुडाशी आणखी दोन पिटुकली पानं चिकटलेली दिसतात. ती दिसली की शंका उरत नाही.

पान अखंड बदामी किंवा थोडं कातरलेलं, फूल फिकट जांभळं आणि घसा गडद, आणि वेल चढण्यापेक्षा जमिनीवर पसरतेय? खाली उकरून बघा. स्वयंपाकघरातलं कोंब आलेलं रताळं कधीतरी मातीत गेलेलं असतं. रताळंही आयपोमियाच आहे, आणि त्याचं फूल फार कमी लोकांनी पाहिलेलं असतं. तसंच फूल पण वेल नसून उभं झुडूप, ओढ्याकाठी किंवा बांधावर, असेल तर ती बेशरम.

पान मोठं, ताटलीएवढं, आणि मागची बाजू रुपेरी मखमलीसारखी असेल तर समुद्रशोक. ही वेल पाहुणी म्हणून येते आणि घराची मालकीण होते. छोट्या बागेत ठेवू नये. हिचं बीही विषारी.

लाल फुलांत गोंधळ कमी. कंगव्याच्या दातांसारखं बारीक चिरलेलं पान आणि पाच टोकांची लाल चांदणी म्हणजे गणेशवेल. तसंच लाल फूल, पण पान बदामी किंवा तीन भागांचं असेल तर लाल पुंगळी.

देशावरच्या काळ्या जमिनीत, शेताला लागून असलेल्या परसात, जमिनीसरशी पसरणारी, छोट्या पांढऱ्या-गुलाबी फुलांची वेल असेल तर ती चांदवेल. शेतकऱ्याला विचारा, तो नावाबरोबर दोन शिव्याही सांगेल. तिचं मूळ फार खोल जातं.

गोकर्णासारखं, पण गोकर्ण नाही

गोकर्ण सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून प्रश्न येतो तो त्याच्या नातेवाइकांबद्दल. पर्णिका मोजा. गोकर्णाच्या पानात पाच ते सात. तीनच पर्णिका आणि फूल फिकट जांभळं असेल तर सेंट्रोसेमा. रबराच्या आणि नारळाच्या बागांत जमीन झाकायला लावतात, तिथून ती बाहेर पडते. तीन पर्णिका आणि काळपट जांभळ्या फुलांचे लोंबते घड असतील तर लांब व्हा, ती खाजकुइली असू शकते. चिंचेच्या पानासारख्या बारीक पर्णिकांच्या पुष्कळ जोड्या आणि फिकट गुलाबी छोटी फुलं म्हणजे गुंज.

कंपोस्टमधून आलेली भाजी

ताणा देठाच्या बाजूने, पान खरखरीत, फूल पिवळं किंवा पांढरं. ही वेल बहुधा तुमच्याच भाजीच्या पिशवीतून आली आहे. इथे फूल उमलायची वेळ कामाला येते. दोडक्याचं पिवळं फूल संध्याकाळी उमलतं, घोसाळ्याचं पहाटे. दुधीचं पांढरं फूल दिवस मावळताना उघडतं. पडवळाच्या पांढऱ्या फुलाला कडेने झालर असते. पांढरं, पाच टोकांचं, झालर नसलेलं फूल आणि गुळगुळीत पान असेल तर तोंडली. फळावर पांढऱ्या रेघा आणि पिकल्यावर लाल रंग दिसला तर शिवलिंगी, ती खायची नाही.

आपोआप उगवलेल्या वेलीचा दुधी किंवा घोसाळं शिजवण्याआधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि फळ फेकून द्या. मीठ लावून, पिळून, गूळ घालून खायच्या भानगडीत पडू नका. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू रस अजिबात न पिण्याचा सल्ला दिला होता.

हात लावण्याआधी नाव हवंच, अशा तिघी

कळलावी. फूल आधी हिरवट-पिवळं, मग नारिंगी, मग लाल, पाकळ्या लहरीदार आणि वर उलटलेल्या. अतिशय देखणी, तमिळनाडूचं हे राज्यफूल. पण सगळ्या झाडात कोल्चिसीन हे विष असतं आणि जमिनीखालच्या कंदात ते भरपूर असतं. कंद करांद्यासारखा समजून खाल्ल्याने मृत्यू झालेले आहेत. लहान मुलं किंवा गुरं असलेल्या घरात ती कुंपणाबाहेरच बरी. मुलं मोठी असतील तर मी तरी ती काढणार नाही. सह्याद्रीतून तिचे कंद औषधासाठी भरमसाट उकरले जातात.

गुंज. लाल-काळं बी आख्खं गिळलं तर पुष्कळदा तसंच बाहेर पडतं, पण चावलं किंवा माळेसाठी भोक पाडलेलं असलं तर त्यातलं ॲब्रिन हे विष फार थोड्या प्रमाणातही जीवघेणं ठरतं. कुणी चावल्याची नुसती शंका आली तरी त्रास सुरू व्हायची वाट न बघता दवाखाना गाठा आणि बी सोबत न्या.

खाजकुइली. शेंगांवरचे सोनेरी-तपकिरी केस वाऱ्यानेही अंगावर येतात. आले तर चोळू नका, चोळल्याने ते आणखी रुततात. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग धुवा, कपडे वेगळे भिजवा. वेल काढायची तर शेंगा धरण्याआधी, फुलावर असतानाच.

ॲप रोज वेगळं नाव का देतं

कारण आपण त्याला फुलाचा एकच जवळून काढलेला फोटो देतो. कर्ण्यासारखी जांभळी फुलं जगभर आहेत, आणि ते दिसण्यावरून जुळणी करतं. एकाच फांदीचे वेगवेगळे फोटो द्या: फूल समोरून, फूल मागून, पानाची दोन्ही अंगं, खोडाचा सांधा ताण्यासकट, आणि फळ असेल तर फळ. शेजारी मोजपट्टी किंवा रुपयाचं नाणं ठेवा. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना गाव आणि तारीख द्या, आणि वेल लावलेली आहे की आपोआप आलेली, हेही लिहा. माणसं बघून दुरुस्ती करतात, तिथे या माहितीला किंमत असते. आणि आलेलं नाव मान्य करण्याआधी, ती वेल कशाने चढते हे तुम्ही पाहिलेल्याशी जुळतंय का, तेवढं तपासा. ॲपने कृष्णकमळ म्हटलं आणि तुमच्या फांदीवर ताणाच नाही, तर ते नाव रद्द.

कृष्णकमळावरून आठवलं: कोकणात छोटं पांढरट-जांभळं कृष्णकमळ आपोआप आलं, पानाला उग्र वास आणि फळाभोवती चिकट हिरव्या जाळीची पिशवी असेल, तर ती वेलघाणी. कच्चं फळ खाऊ नये.

औषधी आहे म्हणून ठेवलीत?

बदामी पान दिसलं की गुळवेल, असं कोविडच्या काळात सर्रास झालं. बदामी पान निदान डझनभर वेलींना असतं. गुळवेलीच्या जुन्या खोडाची साल कागदासारखी सुटते, वरून दोऱ्यांसारखी लांब मुळं लोंबतात, फुलं बारीक पिवळसर आणि फळं मटारएवढी लाल. 2021 साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचं सांगत टिनोस्पोरा क्रिस्पा या तिच्यासारख्याच दिसणाऱ्या जातीशी गल्लत होत असल्याकडे बोट दाखवलं. क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. वाद काहीही असो, कुंपणावरच्या वेलीचा काढा फोटोच्या भरवशावर करू नये.

पक्की ओळख हवी असेल तर फुलं-पानं असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा. पावसाळ्यात कागद रोज बदलावा लागतो, नाहीतर बुरशी धरते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम इथे वाळवलेल्या नमुन्यांचे मोठे संग्रह आहेत. जवळच्या महाविद्यालयातला वनस्पतिशास्त्र विभागही बहुतेकदा मदत करतो, फक्त परीक्षांच्या दिवसांत जाऊ नका.

आता परत का येते, त्याचं उत्तर

नाव कळलं की इथे फारसं काही उरत नाही. काळादाणा, गणेशवेल, लाल पुंगळी, कपाळफोडी या बियांनी येतात. बी टणक, सगळं एकदम रुजत नाही; काही यंदा, काही पुढच्या वर्षी, काही त्यानंतर. एकदा उपटून भागत नाही ते त्यामुळे. यांना फुलं येण्याआधी, निदान बोंडं वाळण्याआधी काढा. सोपं जातं ते रोप असतानाच. गारवेलीच्या कुळातल्या रोपाची पहिली दोन पानं टोकाशी खाच पडलेली, फुलपाखराच्या पंखांसारखी असतात; गणेशवेलीची तर बारीक आणि खोल दुभंगलेली, बेचकीसारखी. भोपळ्याच्या कुळातल्यांची जाड आणि लंबगोल. एवढं डोळ्यांत बसलं की पहिल्या पावसानंतर खुरपणी करताना ठेवायचं कोणतं आणि काढायचं कोणतं ते तिथल्या तिथे ठरतं. माती उकरून उलटीपालटी मात्र करू नका, खालचं बी वर येतं. पालापाचोळ्याचा जाड थर अंथरा.

कैरिका कांड्यांनी पसरते. तिला कापून तुकडे तिथेच टाकले तर एकीच्या दहा होतात. पूर्ण वेल खेचून गच्चीवर किंवा फरशीवर कडकडीत वाळवा, मगच टाका. ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात नको. मधुमालती मुळांतून फुटवे काढते. मुख्य खोड कापल्यावर आजूबाजूला येणारे फुटवे दर पंधरवड्याने खुडत राहिलात तर दमते.

कळलावी, कर्टोली, करांदे कंदावर जगतात. हिवाळ्यात वर काही दिसत नाही आणि वाटतं गेली. वेल हिरवी असतानाच बुडाशी काठी रोवून खूण करा, आणि पानं पिवळी पडू लागली की कुदळीने आख्खा कंद काढा. कळलावीचा कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुहेरी असतो आणि नवा कोंब त्याच्या टोकांकडून येतो. अर्धा आत राहिला तर पुढच्या वर्षी पुन्हा नमस्कार. हातमोजे घाला.

चांदवेलीचं मूळ पूर्ण निघत नाही, तो नाद सोडा. दिसली की कापा, पुन्हा दिसली की पुन्हा कापा. पानं मिळाली नाहीत की मुळातला साठा संपत जातो. दोन-तीन हंगाम जातात.

आणि मूळही नाही, पानही नाही, नुसते पिवळे दोरे मेंदीवर किंवा डुरांटावर पसरलेत, तर ती अमरवेल. तिला झाडावरून सोडवत बसू नका. तुटलेला तुकडा पुन्हा चिकटतो. ज्या फांद्यांवर ती आहे त्या फांद्यांसकट कापा आणि जाळा किंवा वाळवा.

तणनाशकाचा सल्ला नर्सरीत हमखास मिळतो. घरच्या बागेत मी तो कधीच देत नाही. वेल दुसऱ्या झाडावर चढलेली असते, फवारा दोघांवर पडतो. रुंद पानांच्या तणांसाठी मिळणाऱ्या टू-फोर-डीचा नुसता वाऱ्याने गेलेला अंशही टोमॅटो, द्राक्ष, कपाशीची पानं वेडीवाकडी करतो. शेजारी द्राक्षबाग असेल तर विचारूच नका.

सगळं करूनही वेल भिंतीच्या वरच्या कोपऱ्यातूनच येत असेल, तर एकदा भिंतीपलीकडे डोकवा. गणेशवेल पलीकडे बहरलेली असते आणि बी अलीकडे पडत असतं. शेजाऱ्यांशी बोलायचं ते ऑक्टोबरच्या आत, बोंडं हिरवी असताना. नोव्हेंबरमध्ये त्यांनी वेल कापून दिली तरी पुढच्या जूनची सोय तोवर झालेली असते.